फरकाची वही

१९८६ सालच्या मार्चअखेरीला आमच्या शाखेतल्या बचत खात्याच्या लेजरमध्ये नव्वद रुपयांचा डिफरन्स आला. तेव्हा शाखेत संगणक नव्हते. जाडजूड लेजरं, लाल-निळी शाई, आणि महिनाअखेरीला बॅलन्सिंग. एकेका खात्याची शिल्लक लांबलचक कागदावर उतरवायची, बेरीज मारायची आणि जनरल लेजरच्या आकड्याशी ताडून बघायची. जुळलं की चहा, नाही जुळलं की रात्रीचे आठ.

मला नोकरीला लागून दीड वर्ष झालं होतं आणि घरी जायची शेवटची एसटी साडेसातची होती. सात वाजून दहा मिनिटांनी मी कागदावर एका खात्याची शिल्लक नव्वदने कमी लिहिली. बेरीज जुळली. मी पर्स उचलली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी तो कागद समोर ठेवला. ओरडले नाहीत. म्हणाले, "अहो बाई, नव्वदला नवाने भाग जातो की नाही? मग कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत. शोधा." तासाभरात सापडलं. ४५० चे ५४० झाले होते. मग ते म्हणाले, "फरक आला तर फरक लिहायचा. रात्रभर राहू दे लिहिलेला. जुळवून घरी जायचं नाही." नवाची ही युक्ती बँकेतल्या प्रत्येक जुन्या माणसाला ठाऊक असते, पण मला ती तशी शिकावी लागली.

हे सगळं सांगायचं कारण तारे.

निवृत्तीनंतर मी काहीतरी करणारच होते. घरच्यांना वाटलं भजनी मंडळ, फार तर योगासनं. पण फेब्रुवारी २०२० मध्ये मोबाइलवर एकच धुमाकूळ चालला होता: मृग नक्षत्रातली काक्षी (इंग्रजीत बेटेलज्यूज नावाचा तांबडा तारा) मंद पडत्येय, तिचा स्फोट होणार, आकाशात दोन चंद्र दिसणार. दोन चंद्रांवर माझा विश्वास नव्हता, पण मंद पडत्येय म्हणजे किती, हा प्रश्न डोक्यात बसला. कशाच्या तुलनेत मंद? कुठल्या तारखेपासून? कुणी लिहून ठेवलंय का? बँकेतला माणूस दुसरं काय विचारणार.

लिहून ठेवलेलं होतं. १९११ साली अमेरिकेत स्थापन झालेली एएव्हीएसओ नावाची संघटना आहे, रूपविकारी, म्हणजे ठळकपणा कमीजास्त होत राहणाऱ्या, ताऱ्यांच्या निरीक्षकांची. (रूपविकारी हा आपल्या मराठी खगोलाच्या पुस्तकांतला शब्द. आता बरेच जण नुसतं 'बदलते तारे' म्हणतात. मला जुनाच आवडतो. थोडा संगीत नाटकातल्या खलनायकासारखा वाटतो.) जगभरातले हौशी लोक आपापल्या गच्चीवरून बघून तिच्याकडे नोंदी पाठवतात. कोट्यवधी नोंदी जमल्यात. काक्षी ऑक्टोबर २०१९ च्या सुमारापासून उतरणीला लागल्याचं त्यात स्वच्छ दिसत होतं.

बघायची पद्धत इतकी साधी आहे की पहिल्यांदा मला फसवणूकच वाटली. ताऱ्याची ठळकपणाची प्रत ठरलेली असते. आकडा जितका लहान तितका तारा ठळक, म्हणजे शाळेतल्या नंबरासारखं. रोहिणी ०.९. प्रश्वा ०.४. मृगाच्या दुसऱ्या खांद्यावरचा बेलाट्रिक्स १.६. हे आपले न बदलणारे शेजारी. त्यांच्याकडे बघायचं, काक्षीकडे बघायचं, आणि मनात तिला दोघांच्या मध्ये कुठेतरी बसवायचं. बस. भाजीवाली हातात दोन टोमॅटो घेऊन वजन सांगते, तसं. एक पथ्य मात्र आहे: तांबड्या ताऱ्याकडे टक लावून बघायचं नाही. अंधारात डोळा तांबडा रंग साठवत जातो आणि तारा आहे त्याहून ठळक भासायला लागतो. नजर टाकायची आणि काढून घ्यायची.

१२ फेब्रुवारीच्या रात्री मी आमच्या साताऱ्याच्या गच्चीवर उभी होते. अजिंक्यताऱ्यावरच्या टॉवरचे लाल दिवे लुकलुकत होते. काक्षी आणि बेलाट्रिक्स, मृगाचे दोन्ही खांदे, अगदी सारखे दिसत होते. लहानपणापासून पाहिलेल्या आकृतीचा एक खांदा उतरलेला होता. मी वहीत १.६ लिहिलं. नंतर कळलं की तिच्या मोजल्या गेलेल्या इतिहासातली ती सगळ्यात मंद पातळी होती. त्याच आठवड्यात तिने तळ गाठला आणि परत चढायला लागली. स्फोट वगैरे काही झाला नाही. ताऱ्याने स्वतःच बाहेर टाकलेल्या वायूची पुढे धूळ झाली, ती नेमकी आपल्या दिशेला आली, आणि खालचा पृष्ठभागही जरा थंड पडला होता, असा त्याचा उलगडा नंतर झाला.

या प्रकरणातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे हिमावारी-८. हा जपानचा हवामान उपग्रह. ढगांचे फोटो काढायला पाठवलेला. पण पृथ्वीचं चित्र घेताना तिच्या कडेबाहेरचं थोडं काळं आकाशही चौकटीत येतं, आणि त्या काळ्या पट्टीत अधूनमधून काक्षी येऊन बसायची. टोकियो विद्यापीठातल्या संशोधकांनी ते जुने फोटो उकरून साडेचार वर्षांचा हिशेब काढला. हवामान खात्याच्या फायलीच्या समासात ताऱ्याचं खातं सापडलं म्हणायचं.

मग मी वाचत सुटले. आणि पहिला धक्का बसला तो नावांच्या पद्धतीने.

एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या आर्गेलँडरने ठरवलं की एखाद्या तारकासमूहात रूपविकारी तारा सापडला की त्याला लॅटिन 'आर' अक्षर द्यायचं, कारण त्याच्या आधीची अक्षरं आकाशाच्या जुन्या नकाशांत वापरून झाली होती. पुढचा 'एस', आणि असं झेडपर्यंत. नऊ तारे. त्याहून जास्त कुठे सापडायचे, अशी बहुधा त्याची समजूत. झेड संपलं तेव्हा आरआर, आरएस असं करत झेडझेडपर्यंत गेले. तेही संपलं. मग मागे येऊन एए पासून क्यूझेडपर्यंत. त्यात 'जे' गाळला, 'आय'शी घोटाळा होतो म्हणून. एका तारकासमूहात असे ३३४ तारे बसतात. ३३५ व्या ताऱ्याला कुणीतरी शहाण्याने व्ही ३३५ म्हटलं आणि सगळ्यांची सुटका केली. हे वाचताना मला आमच्या रेकॉर्ड रूमची आठवण आली. फायलींना आधी अक्षरं, मग दुहेरी अक्षरं, मग तांबड्या शाईतले आकडे, आणि कुणाचीही जुनी पद्धत मोडायची हिंमत नाही.

दुसऱ्या महायुद्धाआधी या ताऱ्यांची मुख्य यादी जर्मनीत ठेवली जायची. युद्धानंतर ते काम मॉस्कोकडे आलं. कुकार्किन आणि पारेनागो यांनी १९४८ साली सर्वसाधारण सूची छापली, त्यात १०,८२० तारे होते. दहा हजार! तेव्हा त्यांना तो डोंगर वाटला असेल.

पण ज्या जागी मी खरी रमले ती हार्वर्ड वेधशाळेची काचेची कोठी.

तिथे आकाशाचे पाच लाखांवर फोटो काचेच्या पट्ट्यांवर साठवलेले आहेत. निगेटिव्ह, म्हणजे पांढऱ्या आकाशात काळे ठिपके. वेधशाळेचा प्रमुख पिकरिंग याने त्या काचा तपासायला बायका नेमल्या होत्या. त्यांतल्या हेन्रिएटा लेव्हिटच्या वाट्याला रूपविकारी तारे आले. तिला ऐकू कमी यायचं. पगार तासाला तीस सेंट.

एकाच भागाचे दोन वेगवेगळ्या तारखांचे फोटो. एकाची पॉझिटिव्ह प्रत काढायची, म्हणजे काळ्या आकाशात पांढरे ठिपके, आणि ती दुसऱ्या तारखेच्या निगेटिव्हवर ठेवायची. जो तारा बदलला नाही त्याचा काळा आणि पांढरा ठिपका एकमेकांवर बसून विरून जातो. बदलला असेल तर कडेला काळी किंवा पांढरी कड उरते. मी हे वाचलं आणि खुर्चीत सरळ बसले. हे तर बॅलन्सिंग! डावी बाजू, उजवी बाजू, जुळलेलं सगळं खोडून टाका आणि उरलेलं बघा. फक्त इथे ती बाई उरलेल्यावर खूश होत होती. आमच्याकडे त्याच गोष्टीवरून मेमो निघायचा.

ठळकपणा मोजायला तिच्याकडे एक हत्यार होतं: बारीक दांडीला लावलेला काचेचा तुकडा, त्यावर चढत्या आकाराचे ठिपके आणि त्यांच्या प्रती. तो मोठ्या काचेवर धरून ताऱ्याशी ताडायचा. वेधशाळेत त्याला माशी मारायची फटकी म्हणत. कुठल्याही कचेरीतली माणसं सारखीच, उपकरणाचं बारसं अशाच नावाने करणार.

तिच्या काचा पेरूतल्या आरेकिपाहून जहाजाने यायच्या. तिथून मॅगेलनचे मेघ, म्हणजे आपल्या आकाशगंगेशेजारच्या दोन छोट्या दीर्घिका, दिसतात, तिला स्वतःला ते अमेरिकेतल्या केंब्रिजहून कधी दिसले नसते. १९०८ साली तिने त्या मेघांतल्या १,७७७ रूपविकारी ताऱ्यांची यादी छापली. निम्मं आयुष्य कारकुनी केलेल्या माणसाला अशी यादी वाचता येते. पानंच्या पानं क्रमांक, स्थान, कमाल, किमान. आणि शेवटाकडे, सोळा ताऱ्यांचा तक्ता देऊन, ती सहज म्हणून जाते की यातले जे ठळक आहेत त्यांना उजळायला-मंदावायला जास्त दिवस लागतात, हे लक्षात घेण्याजोगं आहे. एवढंच. चार वर्षांनी, १९१२ साली, पंचवीस ताऱ्यांवर तोच नियम पक्का झाला. ते पत्रक पिकरिंगच्या सहीने निघालं. हा मजकूर मिस लेव्हिट यांनी तयार केला आहे, असं पहिल्या वाक्यात लिहून. तेवढं तरी लिहिलं.

त्या नियमात काय आहे ते मला गच्चीवरून कळलं. रात्री पश्चिमेला यवतेश्वराच्या डोंगरावर दिवे दिसतात. ते सगळे माझ्यापासून साधारण सारख्याच लांब. म्हणून त्यांतला जो जास्त ठळक दिसतो तो खरोखरच जास्त शक्तीचा, असं मी इथे बसून सांगू शकते. गल्लीतल्या दिव्याबद्दल आणि डोंगरावरच्या दिव्याबद्दल एका दमात तसं बोलता येणार नाही. लेव्हिटचे तारे एकाच मेघातले, म्हणजे एकाच डोंगरावरचे. त्यामुळे उजळण्याचा काळ मोजला की ताऱ्याची खरी शक्ती कळते, आणि शक्ती कळली की तो किती मंद दिसतो यावरून अंतर. ऑक्टोबर १९२३ मध्ये अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ हबलने देवयानीतल्या अंधूक ढगाच्या फोटोवर एका ठिपक्याजवळ 'एन' लिहिलं होतं, नवतारा, म्हणजे एकाएकी भडकलेला तारा म्हणून. मग जुन्या काचांशी ताडून बघितलं, एन खोडला आणि तिथे मोठ्या अक्षरांत 'व्हीएआर' लिहून उद्गारचिन्ह काढलं. तारा रूपविकारी, लेव्हिटच्या जातीचा, ३१ दिवसांच्या फेरीचा. तो ढग आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका निघाला. मला त्या काचेतलं सगळ्यात काय आवडतं सांगू? खाडाखोड. खोडलेला एन अजून वाचता येतो. आमच्याकडेही नियम तोच होता: चूक खरडून काढायची नाही, आडवी रेघ मारायची आणि शेजारी बरोबर लिहायचं.

आपल्या देशातही हा उद्योग जुना आहे. मद्रास वेधशाळेत सहायक असलेल्या चिंतामणी रघुनाथाचारींना १८६७ साली आर रेटिक्युली हा रूपविकारी तारा सापडला. पण माझ्या जवळचा माणूस म्हणजे जेसोरचे (आता बांगलादेशात) राधागोविंद चंद्र. एन्ट्रन्सची परीक्षा त्यांना कधी पास होता आली नाही. नोकरी जेसोरच्या सरकारी खजिन्यात, नाणी पारखायची. दिवसभर रुपया हातात घ्यायचा, खरा की खोटा सांगायचं, बाजूला ठेवायचं. आणि रात्री ताऱ्यांची तीच पारख. १९१८ साली गरुड तारकासमूहात फुललेला नवतारा त्यांनी पाहिला आणि त्यानंतर ते एएव्हीएसओला नोंदी पाठवू लागले. पस्तीसएक वर्षांत सदतीस हजारांच्या वर. संघटनेने त्यांचं काम बघून अमेरिकेहून सहा इंची दुर्बीण वापरायला पाठवली. फाळणीनंतर ते पश्चिम बंगालमध्ये आले, आणि थकल्यावर ती दुर्बीण खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पूंकडे गेली, ज्यांनी पुढे तामिळनाडूत कावलूरची वेधशाळा उभी केली.

संघटनेला हिंदुस्थानातला माणूस हवासा वाटण्यामागे एक साधं कारण आहे. काही तारे दोन-तीन तासांत भडकतात. तेव्हा अमेरिकेत दुपार असेल तर तिथला कुणी बघणार नाही. जपान आणि युरोपच्या मधली रात्र आपली आहे. आणि आपल्या रात्रीला चार महिने पावसाचं भोक आहे. कुठल्याही मराठी निरीक्षकाची वही उघडा, जून ते सप्टेंबर पानं कोरी.

ही भोकं बुजवायला आता यंत्रं आली आहेत. पोलंडच्या लोकांनी १९९२ पासून चिलीत ओग्ल नावाचं सर्वेक्षण चालवलं आहे. निघाले होते अदृश्य पदार्थ शोधायला, त्यासाठी कोट्यवधी ताऱ्यांवर रोज पहारा ठेवावा लागला, आणि जाता जाता दहा लाखांवर रूपविकारी तारे हाती लागले. गाय राखायला गेला आणि डोंगर मोजून आला. दुसरं आसासन. त्याच्या दुर्बिणी म्हणजे १४ सेंटीमीटरच्या नायकॉन लेन्स, क्रिकेटच्या मैदानावर सीमारेषेबाहेर बसलेले छायाचित्रकार वापरतात तशा. चार-चारचे संच वेगवेगळ्या खंडांवर ठेवून रोज रात्री दिसेल ते सगळं आकाश टिपायचं. अतिदीप्त नवताऱ्यांसाठी (सुपरनोव्हांसाठी) उभारलं, आणि चार लाखांवर रूपविकारी ताऱ्यांची सूची पदरात पडली. युरोपच्या गाइया यानाने जून २०२२ मध्ये जी माहिती जाहीर केली तीत बदलते प्रकाशस्रोत सुमारे १ कोटी ५ लाख होते. कुकार्किनचे दहा हजार आठवले आणि मला त्यांच्याबद्दल उगीचच वाईट वाटलं.

२०२१ च्या पावसाळ्यात, गच्ची बंद असताना, मी आसासनचे आलेख बघून ताऱ्यांची जात ओळखायच्या कामाला लागले. झूनिव्हर्स नावाच्या संकेतस्थळावर ते कुणालाही करता येत होतं. पहिले दोन दिवस काही कळलं नाही. कच्ची नोंद म्हणजे नुसते विखुरलेले ठिपके, रांगोळी सांडल्यासारखे. मग घडी घालायची गोष्ट समजली. आई नऊवारीच्या निऱ्या घालायची तेव्हा मी समोर बसून बघायची. चिमटीतली पहिली निरी जेवढी, तेवढीच दुसरी, तेवढीच तिसरी. माप बरोबर असेल तर काठावर काठ बसतो आणि एकच रेघ दिसते. बोटभर चुकलं की काठ पसरतो. ताऱ्याच्या चार-पाच वर्षांच्या नोंदींच्या अशाच निऱ्या घालायच्या. काळ अचूक धरला की सांडलेल्या ठिपक्यांतून एकदम आकार उभा राहतो. झपकन चढणारा आणि सावकाश उतरणारा म्हणजे ताऱ्याचं स्पंदन. सपाट रेघेत दोन खड्डे म्हणजे दोन तारे एकमेकांना झाकतात. अठराव्या शतकात यॉर्कच्या गुडरिक नावाच्या मूकबधिर पोराने मायावती (इंग्रजीत अल्गोल) या ताऱ्याचे असेच खड्डे नुसत्या डोळ्यांनी मोजले होते: २ दिवस २० तास ४९ मिनिटं.

आणि यंत्र फसतं कुठे, तेही तिथेच दिसलं. स्वरमंडळातला आरआर लायरी तारा साडेतेरा तासांच्या आसपास एक फेरी पुरी करतो. मी रोज रात्री नऊलाच बघितलं तर मला तो किती दिवसांनी परत उजळलेला दिसेल? दुसऱ्या दिवशी नऊला त्याची पावणेदोनच्या वर फेरी झालेली असते, आणि मधली मला दिसलेलीच नसते. माझ्या वहीत भलताच काळ निघेल, आणि तो अगदी नेटका जुळेल. जमिनीवरच्या सगळ्या सर्वेक्षणांना हा एक दिवसाचा शाप आहे. संगणक सांगतो, या ताऱ्याचा काळ बरोबर एक दिवस. तारा बिचारा एक दिवसाचा नसतो, पाहणारा असतो. असे आलेख आले की मी चष्मा वर सरकवून नीट बघायची. फार नेटकं जुळलेलं दिसलं की माझ्या पोटात अजून गोळा येतो.

लडाखमध्ये हानलेला आपली ग्रोथ-इंडिया दुर्बीण आहे, आयआयटी मुंबई आणि बेंगळुरूच्या खगोलभौतिकी संस्थेची. ती आपली आपण चालते. पवईत पाऊस कोसळत असला तरी तिथे काम होतं. मला तिचा हेवा वाटतो, दुसरं काय.

पण या सगळ्या राक्षसी यंत्रांची एक गंमत आहे. ती ठळक ताऱ्यांपुढे आंधळी होतात. आसासनला दहाव्या-अकराव्या प्रतीहून ठळक तारा झेपत नाही, ठिपका फुटून सांडतो. चिलीतल्या रुबिन वेधशाळेचा साडेआठ मीटरच्या जवळपासचा आरसा तर सोळाव्या प्रतीच्या आसपासच दिपून जातो. काक्षी, मायावती, ध्रुव हे त्यांच्या कामाचे नाहीत. ते माझे. द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर, गळ्यात अडकवून गच्चीवर उभ्या असलेल्या बाईचे.

तर माझ्या पराक्रमाबद्दल.

सिंह राशीत मघेच्या जवळ आर लिओनिस आहे. तांबडा, फुगणारा तारा, ३१० दिवसांच्या आसपास चक्र, भरात आला की नुसत्या डोळ्यांनाही दिसू शकतो आणि एरवी अकराव्या प्रतीपर्यंत बुडतो. शेजारी दोन तारे पहारेकऱ्यांसारखे उभे असतात, त्यामुळे नवशिक्यालाही सापडतो. नकाशावर तुलनेच्या ताऱ्यांच्या प्रती छापलेल्या असतात, पण दशांशचिन्हाशिवाय: ८.७ ला ८७. ठिपका दिला तर कुणी त्यालाच तारा समजेल म्हणून. ज्याने हे ठरवलं त्याला मी नमस्कार करते.

एका वर्षी अंदाज होता की मार्चअखेरीला तो भरात येईल. मी जानेवारीपासून नोंदी सुरू केल्या. ८.४, ८.२, ७.९, ७.६. छान चढत होता. जवळजवळ दीड महिना मी दर तीन-चार दिवसांनी गच्चीवर जायची, बघायची, खाली येऊन भरायची. तारखेच्या जागी ज्युलियन दिनांक, म्हणजे दिवसांचा सलग क्रमांक, लिहायचा असतो. तो ग्रीनिचच्या दुपारी बारा वाजता बदलतो, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला, दिवेलागणीच्या आधी. मला वाटायचं, हे कॅलेंडर कुणीतरी माझ्यासाठीच केलंय.

मग एका रात्री मी सगळ्यांच्या नोंदींचा आलेख उघडला. बाकीच्या ठिपक्यांचा थवा खाली होता. ८.९, ८.८, नंतर ८.५. तारा त्या वर्षी उशिरा येत होता, हे तारे तसे येतातच. आणि थव्याच्या वर, अंदाजाच्या रेघेला चिकटून, शिस्तीत चढत गेलेले अकरा ठिपके. ते सगळे माझे.

मी खोटं लिहिलं नव्हतं. मला खरंच तसं दिसत होतं. गच्चीवर जायच्या आधी मी मागची नोंद वाचायची, अंदाजाची तारीख बघायची, आणि मग द्विनेत्री लावायची. डोळ्याला जेमतेम जाणवणाऱ्या ठिपक्याला मनाने हवी ती प्रत देऊन टाकली होती. सात वाजून दहा मिनिटं झाली होती आणि शेवटची एसटी साडेसातची होती.

ते अकरा ठिपके मी काढून टाकले. आपली नोंद आपल्याला मागे घेता येते. वहीत मात्र राहू दिले, आडवी रेघ मारून. तेव्हापासून मागचं पान चिमट्याने बंद करते, आणि न दिसलेल्या ताऱ्यासमोर 'यापेक्षा मंद' अशी खूण करते. तीही नोंद धरतात.

नंतर कळलं की या क्षेत्रात फरकाचंच स्वतंत्र खातं असतं. प्रत्यक्ष वजा गणित. तारा अमुक वेळी भरात यायला हवा होता, प्रत्यक्षात तमुक वेळी आला. दोन्हींची वजाबाकी वर्षानुवर्षं मांडत जायचं. रेघ आडवी राहिली तर गणित बरोबर. रेघ वाकली तर ताऱ्याच्या पोटात काहीतरी चाललंय, किंवा न दिसणारा तिसरा सोबती त्याला मागेपुढे ओढतोय. मायावतीचा तिसरा सोबती अशा मिनिटांच्या फरकांतही हजेरी लावतो. आणि ध्रुव! ज्याच्या अढळपदाची गोष्ट आजीने सांगितली, तो ध्रुव चार दिवसांत थोडासा फुगतो आणि आक्रसतो. लेव्हिटच्याच जातीचा. त्याचा तो चार दिवसांचा काळही अनेक दशकं दर वर्षी चार-साडेचार सेकंदांनी लांबत गेला होता. साताऱ्याहून तो क्षितिजापासून जेमतेम साडेसतरा अंशांवर असतो, समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीच्या कडेला. त्याचं फुगणं माझ्या डोळ्यांना जाणवण्याइतकं मोठं नाही. तरी टाकीजवळ दिसला की मी त्याच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघते, नात्यातल्या एखाद्या सज्जन माणसाचं लफडं कळल्यावर बघावं तसं.

गेल्या जानेवारीत आमचे मोठे साहेब घरी आले होते. ब्याऐंशी वर्षांचे. मुलीकडे आले होते, चौकशी करत माझ्याकडे पोचले. चहा झाला, कोण गेलं कोण राहिलं झालं. मग म्हणाले, "ऐकलं, तुम्ही रात्री गच्चीवर असता. काय करता?"

"बॅलन्सिंग," मी म्हटलं.

जिने चढायला त्यांना दहा मिनिटं लागली. थंडी होती, मफलर होता. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झालेत, तेव्हापासून तारे निळसर दिसतात म्हणाले. मी त्यांना रोहिणी दाखवली, ०.९. प्रश्वा दाखवला, ०.४. काक्षी दाखवली आणि सांगितलं, टक लावू नका, बघा आणि नजर काढा. ते बराच वेळ गप्प होते. खाली रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गाणी लावून गेला.

"प्रश्वाएवढीच आहे," ते म्हणाले. "०.४."

मी त्यांच्या आधीच मनात ठरवलं होतं: ०.७. परत बघितलं. ०.७ च.

"साहेब, मला ०.७ दिसत्येय."

"मग?"

मी टॉर्चवर लाल कागद लावून वही उघडली आणि दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले. शेजारच्या रकान्यात फरक, ०.३. साहेब वाकून बघत होते. त्यांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि विचारलं, "सही कुठं करायची?"